ज्यांच्याविषयी बोलले जाते

एखादे महाविद्यालय वर्षातून एकदा आपली दारे सर्वांना उघडते. एक विषय ठरवते, त्या विषयातील नामवंत विद्वानांना दूरदूरहून बोलावते, त्याला जोडून चित्रांचे प्रदर्शन भरवते, संध्याकाळी संगीताची मैफल ठेवते आणि पंचक्रोशीतील शाळकरी मुलांपासून निवृत्त गृहस्थांपर्यंत सर्वांना सांगते, या, ऐका आणि विचार करा. वरवर पाहता याहून निरुपद्रवी आणि याहून स्तुत्य असा उपक्रम शोधून सापडणार नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून व्याख्यानाची गोडी तर मराठी माणसाच्या रक्तातच आहे. आपल्या धर्मग्रामांतूनही कुटुंब सप्ताह, युवक सप्ताह, बायबल सप्ताह आपण उत्साहाने साजरे करतो. तेव्हा अशा उपक्रमाच्या पोटात काही नैतिक प्रश्न दडलेला असू शकतो, असे म्हटले तर वाचकांना ते थोडे विचित्र वाटेल. तथापि तसा प्रश्न आहे, आणि तो मला गेली कित्येक वर्षे सोडीत नाही. जो विषय निवडतो आणि मंच उभारतो, तो त्या मंचावरून जे बोलले जाते त्याला कितपत जबाबदार असतो? ‘आम्ही केवळ चर्चा घडवून आणली’ असे म्हणून त्याला मोकळे होता येते काय?

हा प्रश्न हवेत मांडण्यापेक्षा एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधाराने मांडावा हे बरे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पीटर नावाचे एक लहानसे शहर आहे. तेथे गस्टाव्हस अडॉल्फस कॉलेज नावाची संस्था आहे. स्वीडनहून आलेल्या लूथरन पंथीयांनी १८६२ साली ही शाळा सुरू केली आणि १८७६ साली ती सेंट पीटरला आली. विसाव्या शतकाच्या मध्यास या कॉलेजने विज्ञानासाठी एक नवी वास्तू बांधली आणि तिला आल्फ्रेड नोबेल यांचे नाव दिले. १९६३ साली त्या वास्तूचे समर्पण झाले, तेव्हा तब्बल २६ नोबेल पारितोषिक विजेते तेथे उपस्थित होते. त्या सोहळ्याने भारावलेल्या चालकांनी स्वीडनमधील नोबेल प्रतिष्ठानाकडे परवानगी मागितली, की आम्हांला दरवर्षी एक विज्ञान परिषद भरवू द्या आणि तिला नोबेलचे नाव लावू द्या. परवानगी मिळाली. १९६५ सालापासून ही नोबेल परिषद भरू लागली. प्रत्येक वर्षी एक विषय असे. कधी महासागर, कधी पाणी, कधी पायाखालची माती, कधी कीटक. दोन दिवस व्याख्याने होत, आसपासच्या शाळांतून मुले बसगाड्या भरून येत, जोडीला चित्रप्रदर्शन आणि संगीत असे. आणखी एक गोष्ट आपण विशेष ध्यानात घेतली पाहिजे. प्रारंभीच्या काळापासून वैज्ञानिकांच्या पंक्तीला एखादा धर्मशास्त्रज्ञ किंवा तत्त्वज्ञ बसवावा, असा या कॉलेजचा आग्रह राहिला. विज्ञान काय करू शकते हे वैज्ञानिकाने सांगावे आणि ते करावे की करू नये याचा विचार दुसऱ्याने पुढे ठेवावा, अशी ती योजना. ही योजना मला मनापासून आवडते. आपल्याकडील किती महाविद्यालयांनी असा विचार केला असेल, हा प्रश्न येथे विचारीत नाही.

आता त्या पहिल्याच परिषदेकडे वळू. १९६५ सालचा विषय होता ‘आनुवंशिकी आणि मानवाचे भविष्य’. बीजकोशातील रेणूची रचना उलगडून जेमतेम बारा वर्षे झाली होती, त्यामुळे विषय अगदी वेळेवर निवडला होता. वक्तेही तोलामोलाचे होते. एडवर्ड टेटम हे १९५८ सालचे वैद्यकशास्त्रातील नोबेल विजेते, म्हणजे या विषयाचे खरे अधिकारी. पोलिकार्प कुश हे १९५५ सालचे पदार्थविज्ञानातील विजेते. किंग्जले डेव्हिस हे समाजशास्त्रज्ञ. शेल्डन रीड हे मिनेसोटा विद्यापीठातील मानवी आनुवंशिकीच्या संस्थेचे संचालक. प्रिन्स्टनचे पॉल रॅम्झी हे मेथडिस्ट पंथाचे नीतिशास्त्रज्ञ. आणि यांच्या जोडीला विल्यम शॉक्ली.

शॉक्ली हे नाव आपल्यापैकी अनेकांना अपरिचित असेल. परंतु त्यांच्या कामाचे फळ आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. ज्या ट्रान्झिस्टरमुळे आपल्या वडिलांच्या पिढीने शेताच्या बांधावर बसून बातम्या ऐकल्या, त्या ट्रान्झिस्टरबद्दल बार्डीन आणि ब्रॅटन यांच्यासह त्यांना १९५६ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. मात्र सेंट पीटरच्या मंचावर ते ट्रान्झिस्टरविषयी बोलले नाहीत. लोकसंख्येचे नियंत्रण आणि सुप्रजनन हा त्यांचा विषय होता. कमी प्रतीची माणसे जास्त मुले जन्माला घालतात आणि त्यामुळे समाजाचा एकूण दर्जा घसरत जातो, ही त्यांची धारणा होती. पुढे आयुष्यभर ज्या विचारांसाठी ते कुप्रसिद्ध झाले, त्यांची जाहीर सुरुवात सर्वसाधारणपणे या व्याख्यानापासूनच धरली जाते. नंतर ते कृष्णवर्णीयांची बुद्धी जन्मतःच कमी असते असे सांगू लागले. कमी बुद्धिगुणांकाच्या माणसांनी नसबंदी करून घेतल्यास त्यांना रोख रक्कम द्यावी, अशी योजनाही त्यांनी मांडली. १९८९ साली ते वारले, तोवर त्यांनी आपले मत सोडले नव्हते.

पदार्थविज्ञानाच्या या पंडिताला आनुवंशिकीवर बोलण्याचा अधिकार कोणी दिला? उत्तर सरळ आहे. परिषदेच्या नावाने दिला. नोबेल या शब्दाचा प्रकाश इतका प्रखर असतो, की तो कोणत्या दिव्यातून येत आहे हे कोणी पाहत नाही. मी नळदुरुस्तीवाल्याला हृदयाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला विचारीत नाही. पण एखाद्या मोठ्या माणसाचा मोठेपणा एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात मी बिनदिक्कत पाझरू देतो. चालकांचा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही. तरीही पहिली चूक तेथे झाली असे मला वाटते. प्रतिष्ठा हीसुद्धा मंचावरून वाटली जाणारी वस्तू आहे, आणि ती वाटणारा तिचा हिशेब देणे लागतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मिनेसोटा राज्यात १९२५ सालापासून नसबंदीचा कायदा होता. सरकारी संस्थांत ठेवलेल्या, ‘दुर्बलबुद्धी’ किंवा वेडे ठरवलेल्या माणसांवर ही शस्त्रक्रिया केली जात असे. कागदोपत्री संमती लागे. पण जिच्यावर शस्त्रक्रिया व्हायची तिच्या वतीने संमती देणारे पालक पुष्कळदा सरकारच असे. सुमारे २,३५० जणांवर अशी शस्त्रक्रिया झाली आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. या कायद्यासाठी झटणारे मिनियापोलिसचे डॉक्टर चार्ल्स डाइट यांनी १९३३ साली हिटलरला कौतुकाचे पत्र लिहिले होते, आणि शेल्डन रीड ज्या संस्थेचे संचालक होते ती याच डाइटांच्या मृत्युपत्रातील पैशांतून उभी राहिली होती. (रीड स्वतः वेगळ्या वळणाचे होते. आईबापांना माहिती द्यावी आणि निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावा, असे ते मानीत.) आणि सेंट पीटर हे गाव तरी कसले? त्या राज्यातले मनोरुग्णांचे पहिले सरकारी इस्पितळ १८६६ साली याच गावात उघडले होते. कॉलेज गावात येण्यापूर्वी दहा वर्षे ते इस्पितळ तेथे होते आणि परिषद भरली तेव्हाही ते चालू होते. म्हणजे टेकडीवरच्या सभागृहात ‘मानवाचे भविष्य’ या विषयावर दिवे लागले होते, तेव्हा ज्या माणसांनी जन्म द्यावा की न द्यावा याची चर्चा चालली होती, ती माणसे त्याच गावात, इस्पितळाच्या भिंतीआड होती. व्याख्यानाला यायला त्यांना फार चालावे लागले नसते.

मूळ प्रश्न मला येथे दिसतो. त्यात शॉक्लींचा वाटा थोडाच आहे. शॉक्ली नसते आणि सर्वच वक्ते सौम्य, सुसंस्कृत आणि सहृदय असते, तरीही ज्यांच्याविषयी बोलले जात होते त्यांची जागा त्या यादीत नव्हतीच.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतला पाहिजे. पॉल रॅम्झी होते ना? होते, आणि त्यांचे काम त्यांनी चोख केले. मानवाने मानवाची पैदास योजनेबरहुकूम करावी या कल्पनेला त्यांनी विरोध केला. गंभीर आनुवंशिक व्याधी असलेल्या दांपत्याने मूल होऊ न देण्याचा स्वतः विचार करणे वेगळे; पण प्रजननाला दांपत्यप्रेमापासून तोडून निवडक पुरुषांच्या बीजापासून सुधारित माणसे निपजवणे हे माणसाने आपल्या माणूसपणावरच केलेले आक्रमण आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९७० साली ‘फॅब्रिकेटेड मॅन’ या पुस्तकात त्यांनी ती विस्ताराने मांडली. आपल्या ख्रिस्तसभेची परंपराही याच बाजूची आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३० सालच्या ‘कास्ती कोनुबिइ’ या विश्वपत्रात सक्तीच्या नसबंदीचा निषेध केला, तेव्हा युरोप-अमेरिकेतील बहुतेक पुरोगामी विद्वान सुप्रजननाच्या बाजूने होते. त्याआधी १९२२ साली चेस्टरटन यांनी सुप्रजननावर तिखट पुस्तक लिहिले होते. त्याच वर्षी ते कॅथलिक झाले. आणि १९२७ साली व्हर्जिनियाच्या कॅरी बक या तरुणीच्या नसबंदीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी संमती दिली, तेव्हा विरोधी मत देणारे एकमेव न्यायमूर्ती पिअर्स बटलर हे कॅथलिक होते, आणि तेही मिनेसोटाचे. त्यांनी विरोधाची कारणे लिहिली नाहीत, नुसते मत नोंदवले.

हे वाचताना आपली छाती थोडी फुगते, नाही का? माझीही फुगली होती. पण नंतर असे मनात आले, की बटलर यांनीही कॅरीच्या तोंडून काही ऐकले नाही, रॅम्झी यांनीही सेंट पीटरच्या इस्पितळातून कोणाला बरोबर आणले नाही. कॅरी बक मंदबुद्धी नव्हती, तिच्यावर बलात्कार झाला होता आणि ती लाज झाकण्यासाठी तिला संस्थेत धाडले गेले होते. तिच्या ज्या मुलीला तान्हेपणी ‘दुर्बलबुद्धी’ ठरवले गेले, ती शाळेत चांगल्या गुणांच्या यादीत चमकली होती आणि आठव्या वर्षी वारली. हे सर्व बाहेर यायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. तिच्या बाजूने बोलणारे वकील होते, कागद होते. ती स्वतः कोणास सापडली नाही, कारण कोणी शोधली नाही.

मग शॉक्लींसारख्याला बोलूच देऊ नये काय? पुष्कळांनी तो मार्ग धरला. १९७४ साली येल विद्यापीठात विद्यार्थ्यांनी इतका गोंधळ घातला, की त्यांना एक शब्दही धड बोलता आला नाही. त्यातून विद्यापीठाने एक समिती नेमली आणि १९७५ साली तिचा प्रसिद्ध अहवाल आला. न पटणारे मतही मांडू दिले पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. मी त्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण आपल्या मुंबईत आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्या ख्रिस्ती कॉलेजच्या चालकांनी त्यांना १९२५ च्या सुमारास नोकरी सोडायला लावली. कर्वे यांची सर्व मते आपणांस मान्य होणारी नाहीत. पण एका गणिताच्या प्राध्यापकाला त्याच्या मतांसाठी दाराबाहेर काढल्याने चालकांच्या हाती काय लागले? कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ काढून १९५३ पर्यंत बोलतच राहिले आणि आज आदराने आठवले जातात ते तेच. येलच्या गोंधळाने शॉक्लींचेही तोंड बंद झाले नाही. मत दडपल्याने मत मरत नाही, हा अनुभव शहीदांच्या वारशावर वाढलेल्या आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवावा असे नाही.

तर मग उरते काय? हे लिहिताना मी एक गोष्ट लपवीत आलो आहे, ती आता सांगतो.

१९७६ साली मी कॉलेजात होतो. कोणते कॉलेज हे महत्त्वाचे नाही. आणीबाणीचा काळ होता. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन किंवा अधिक मुले असलेल्यांसाठी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. पण हवा तीच होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. आमच्या कॉलेजने ‘लोकसंख्या आणि उद्याचा भारत’ असा सप्ताह साजरा करायचे ठरवले. डॉक्टरांची व्याख्याने, एक एकांकिका, आणि मोठ्या वर्गात तक्त्यांचे प्रदर्शन. माझे अक्षर चांगले म्हणून तक्ते माझ्याकडे आले. एका तक्त्यावर दोन घरे काढायची होती. एका घरात दोन हसरी मुले, दुसऱ्यात सहा, त्यांतले एक मतिमंद. खाली लिहायचे होते, ‘देशाला हे ओझे परवडेल काय?’ मजकूर सरांनी दिला होता. सर अत्यंत सज्जन होते, गरिबांसाठी रात्रशाळा चालवीत. मी ठळक लाल रंगात, वेलांट्या नीट वळवून ते वाक्य लिहिले. मला त्यात काही खुपले नाही.

मला एक धाकटी बहीण होती. जन्मतः तिची वाढ वेगळी होती. आम्ही तिला बेबी म्हणत असू. तिला मोजता येत नसे, पण जपमाळेचा मणी तिच्या बोटांतून कधी चुकत नसे. प्रदर्शन सर्वांसाठी खुले होते. माझ्या हातचे तक्ते पाहायला आई येणार म्हणाली, आणि बेबीला घरी एकटी कशी ठेवायची म्हणून तिलाही घेऊन आली. आई चौथीपर्यंत शिकलेली. ती अक्षर अक्षर लावून वाचत असे. त्या तक्त्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. बेबी चित्रातल्या मुलांकडे बोट दाखवून हसत होती. आईने वाचून संपवले आणि मला विचारले, ‘हे अक्षर तुझंच ना रे?’ मी हो म्हणालो. ती आणखी काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने मला नेहमीप्रमाणे जेवायला वाढले.

त्या दिवसापासून जबाबदारीचा प्रश्न माझ्यासाठी तात्त्विक राहिला नाही. मजकूर माझा नव्हता. विषय माझा नव्हता. धोरण तर दिल्लीहून आले होते. तरी अक्षर माझे होते. सरांना कोणी विचारले असते तर तेही म्हणाले असते, की आम्ही प्रश्न विचारला आहे, उत्तर दिलेले नाही. खाली प्रश्नचिन्ह होतेच. पण काही प्रश्न असे असतात, की ते विचारताच ज्याच्याविषयी विचारले जातात त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. ‘देशाला हे ओझे परवडेल काय’ याचे उत्तर ‘हो, परवडेल’ असे मोठ्या उदारपणे दिले, तरी बेबी ओझेच राहते. रॅम्झींचा विरोध कितीही सबळ असला, तरी प्रश्न ज्या शब्दांत मांडला गेला त्या शब्दांतच तो त्यांना द्यावा लागला. विषय निवडणारा माणूस उत्तर निवडत नसेल. पण कोण विचारणार आणि कोणाविषयी विचारले जाणार हे तोच ठरवतो. आणि हे ठरवणे म्हणजे काहीच न करणे, असे मी आता मानू शकत नाही.

१९६५ च्या डिसेंबरात, म्हणजे सेंट पीटरच्या परिषदेच्याच वर्षी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला. त्यात माणसाच्या अखंडतेवर होणाऱ्या आघातांत अवयवांच्या विच्छेदनाचाही समावेश आहे. हे आम्हांला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले गेले असणार. तक्ता लिहिताना ते मला आठवले नाही. १९९४ साली पुण्यात मतिमंद मुलींची गर्भाशये काढल्याच्या बातमीने महाराष्ट्र हादरला, तेव्हा मात्र बेबीची फार आठवण झाली. तेव्हाही वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंचे डॉक्टर, वकील, कार्यकर्ते बोलत होते. सर्व बाजू होत्या, एक सोडून.

मिनेसोटाची पुढची हकीकत थोडी वेगळी आहे. तेथील सरकारी संस्थांत मरण पावलेल्या हजारो माणसांना पुरले, तेव्हा त्यांच्या थडग्यांवर नाव न घालता नुसता क्रमांक घातला जाई. १९९४ पासून तेथे एक चळवळ सुरू झाली. त्या क्रमांकांच्या जागी नावे कोरण्याची. ती ज्यांनी पुढे नेली त्यांत स्वतः अपंग असलेली, अशा संस्थांतून राहिलेली माणसे होती. राज्याने माफी मागावी अशी मागणीही त्यांनी लावून धरली आणि २०१० साली विधिमंडळाने माफीचा ठराव केला. पितरांच्या स्मरणदिनी थडगी स्वच्छ करून त्यांवर फुले ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना, नावाचा दगड म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही.

मागील महिन्यात आमच्या धर्मग्रामात एक बैठक झाली. पुढच्या वर्षी ‘जीवन ही देणगी’ या विषयावर तीन दिवसांचा कार्यक्रम करायचे ठरले. व्याख्याने, चित्रप्रदर्शन, मुलांची नाटिका. वक्त्यांच्या यादीत एक फादर, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक वकील आणि समुपदेशनाचे काम करणाऱ्या एक बाई अशी नावे आली. यादी चांगली होती. मी धीर करून म्हटले, की आपल्या गावात डाउन सिंड्रोम असलेला एक तिशीचा तरुण आहे, त्याच्या आईला बोलवावे. सर्वांना ते पटले, आणि माझ्यासह दोघांना तिच्याकडे पाठवायचे ठरले.

रविवारी मिस्सानंतर आम्ही गेलो. ओटीवर तो वालाच्या शेंगा सोलीत बसला होता. आम्हांला पाहून त्याने पाट पुढे सरकवला. त्याची आई पदराला हात पुसत बाहेर आली. आम्ही सगळा कार्यक्रम नीट समजावून सांगितला आणि ‘तुम्ही याच्याविषयी चार शब्द बोलाल का?’ असे विचारले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘मला का विचारता? तो इथंच बसलाय की.’